ना हरकत

अर्जाच्या चौथ्या पानावर विचारलंय:
नेतृत्वाचा एखादा प्रसंग सांगा.
शब्दमर्यादा दोनशे.

खिडकीतून खाडी दिसते. ओहोटी.
जेटीच्या शेवटच्या तीन पायऱ्या उघड्या,
कालवांनी खरबरीत.
रेंज फक्त वाचनालयातल्या याच टेबलाशी,
तीही झेरॉक्सच्या मशीनला पाठ टेकून बसलं तर.

आधी लिहिलं: संस्थेत आमूलाग्र परिवर्तन घडवले.
खोडलं.
मुलींसाठी एक संडास बांधला होता आम्ही,
त्याची किल्ली सहा महिने
चेअरमनसाहेबांच्या बागेतल्या राखणदाराकडे होती.
याला परिवर्तन म्हणतात का,
तेच शिकायला तर हा अर्ज.

मग अब्बास सोलकरांचं लिहिलं.
शेवटची तर साडेपाचची,
आमचा शेवटचा तास सुटायचा पाच-चाळीसला.
पलीकडच्या अकरा मुलींच्या
दुसऱ्या वर्षी चार झाल्या.
रजिस्टरात कारण: कौटुंबिक.

एक दिवस मी केबिन सोडून जेटीवर जाऊन बसले.
शमिका तांडेल धावत आली, चपला हातात,
होडी वीस हात पुढे गेलेली.
अब्बासभाईंनी इंजिन बंद केलं,
वल्हं मारत मागे आले.
म्हणाले, "मी रोज थांबन म्याडम,
पन पानी कुठं थांबतंय.
उशीर झाला की गाळात बसतो आपण."

पुढच्या सोमवारी
प्रार्थनेतली पाच मिनिटं काढली,
मधल्या सुट्टीतली पंधरा.
पाच-वीसला घंटा.
खडपे सरांनी लेखी कळवलं,
चहा निवेपर्यंत वेळ मिळत नाही.

शब्द मोजले. एकशे एक्क्याण्णव.
नेतृत्व हा शब्द त्यात कुठेच नव्हता.
नऊ शब्द उरले होते, तरी घातला नाही.

शिफारस करणाऱ्याचं पद निवडा:
कुलगुरू, अधिष्ठाता, प्राचार्य, संचालक, इतर.
"इतर"वर बोट जरा रेंगाळलं.
पण अब्बासभाईंना ईमेल नाही.
निवृत्त प्राचार्य पावसकरांचं नाव टाकलं.
जुनं वेळापत्रक त्यांचंच, सतरा वर्षांचं.
माणूस भला. पत्र चांगलं लिहितील.

शेवटी जोडायचं ते
संस्थाप्रमुखांचं ना हरकत प्रमाणपत्र.

संस्थाप्रमुख मी.
प्रभारी.
सहा वर्षं प्रभारी,
पडवीत बसवलेल्या पाहुण्यासारखी:
चहा येतो, आत या म्हणत नाहीत.

जोगळेभाऊंनी टाइप करून आणलं.
महोदया, मी आपल्या महाविद्यालयात कार्यरत असून
पुढील शिक्षणाची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.
माझी, मला.
खाली डावीकडे अर्जदार, उजवीकडे संस्थाप्रमुख.
"दोन्ही सह्या तुमच्याच," ते म्हणाले,
"पन जरा येगयेगळ्या करा. उगाच शंका नको."

उजवीकडची झटक्यात झाली.
बोनाफाईडवर, एसटीच्या पासावर, खडूच्या बिलावर
रोज होते तशी, शेवटी एक रेघ ओढून.

डावीकडची मात्र.
पदवीवर माहेरचं नाव आहे, आधारवर सासरचं,
आणि सव्वीस वर्षांत
मी कशासाठीच अर्जदार नव्हते.
फेब्रुवारी, पंखा सुरू, तरी बोटं ओली.
अक्षरं उतारावर निघाल्यासारखी खाली गेली.
वेगळी करायला सांगावंच लागलं नाही.

"जावक दोनशे चौदा," जोगळेभाऊ म्हणाले,
आणि पेन तसंच धरून,
"आवकला पन चढवू का? आलंय तर आपल्याकडंच."
चढवा म्हटलं.

संगणकावर चाक फिरत होतं,
कृपया प्रतीक्षा करा, पान बंद करू नका.
पाच-वीसची घंटा झाली.

पलीकडच्या मुली खिडकीखालून गेल्या.
यंदा नऊ.
एकजण बोरं खात होती,
एक मागे वळून कुणाला तरी हाका मारत होती,
होडी समोर उभी,
कुणीही धावत नव्हतं.